पान बदललं, गूगलला कधी कळणार?

१७ मार्च २०२५ च्या रात्री नागपुरात महाल परिसरात हिंसाचार झाला आणि कोतवाली, गणेशपेठ, तहसील, पाचपावली अशा अनेक पोलिस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. ती एका दमात उठली नाही. नंदनवन आणि कपिलनगर आधी मोकळे झाले, काही भागांत दिवसाचे ठरावीक तास सवलत मिळाली आणि २३ मार्चला उरलेली सगळी संचारबंदी संपली. त्या आठवड्यात 'आज कुठे संचारबंदी आहे' हा प्रश्न हजारो मोबाइलवर टाइप झाला असणार. उत्तर देणारी पानं भरपूर होती. अठरा तारखेचं पान खरं होतं, एकवीस तारखेचंही खरंच होतं. पण एकवीस तारखेला अठराचं पान उघडणाऱ्याला त्या खरेपणाचा काय उपयोग?

बातमी लिहिणाऱ्याने पान बदललं तरी सर्च इंजिनकडे त्या पानाची जुनीच प्रत असू शकते. ती बदलायला सर्च इंजिनचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, पुन्हा यावा लागतो, आणि तो कधी येईल हे त्याचं तोच ठरवतो. मग त्याला आपणच कळवावं, तेही दर वेळी माणसाने बसून नव्हे तर आपोआप, ही इच्छा जवळजवळ वेबइतकीच जुनी आहे. या तीस वर्षांत कळवायचे मार्ग किती झाले, किती बंद पडले आणि आज नागपुरातल्या एखाद्या बातम्यांच्या साइटने, सरकारी कार्यालयाने किंवा दुकानदाराने काय करावं, ते पाहू. आधीच सांगून टाकतो: कळवणं आता दहा ओळींचं काम झालं आहे. अडतं ते आपल्या कळवण्यावर समोरच्याने विश्वास ठेवण्यापाशी.

सुरुवातीची कल्पना भाबडी होती. नोव्हेंबर १९९३ मध्ये मार्टिन कोस्टर यांनी अ‍ॅलीवेब नावाची सोय जाहीर केली. साइटवाल्याने आपल्या पानांची यादी स्वतः लिहून सर्व्हरवर ठेवायची आणि तिचा पत्ता अ‍ॅलीवेबला कळवायचा. बॉटने दारोदार फिरायची गरजच नाही. मात्र यादी लिहिण्याचे कष्ट फार जणांनी घेतले नाहीत. हेच कोस्टर पुढच्या वर्षी रोबॉट्स डॉट टीएक्सटीची पद्धत घेऊन आले. बॉटने कुठे जाऊ नये हे सांगणारी ती छोटी फाइल आजही बहुतेक साइटच्या मुळाशी असते, आणि तिला अधिकृत मानकाचा दर्जा मिळायला २०२२ उजाडलं.

डिसेंबर १९९५ मध्ये अल्टाविस्टा आलं, आणि त्या काळच्या बहुतेक सर्च इंजिनांवर 'तुमचा पत्ता इथे टाका' अशी एक चौकट असायची. चौकट दिसली की ती आपोआप भरणारा प्रोग्राम लिहिला जाणारच. सबमिट इट नावाची सेवा एकच फॉर्म भरून घेऊन तो अनेक ठिकाणी पोचवायची. १९९८ मध्ये ती लिंकएक्स्चेंजने विकत घेतली आणि त्याच वर्षी लिंकएक्स्चेंज मायक्रोसॉफ्टने. त्या मानाने सभ्य धंदा होता तो. असभ्य धंदा करणारे एकाच साइटचे हजारो पत्ते रात्रंदिवस ओतत राहायचे. अल्टाविस्टातले आंद्रेई ब्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये यावर तोड काढली: वेडीवाकडी अक्षरं चित्रात दाखवायची, ती वाचून टाइप करेल त्याचाच पत्ता घ्यायचा. त्यामुळे असा कचरा ९५ टक्क्यांहून अधिक घटला, असं त्यांनी नोंदवलं आहे. रेल्वेचं तिकीट काढताना ज्या कॅप्चावर आपण आज वैतागतो, त्याच्या जन्माला असे आपोआप पत्ते ओतणारे लोक कारणीभूत आहेत. आपल्या विषयाचा पुढचा सगळा इतिहास या एका घटनेत आलाच आहे. कळवायला दार उघडायचं, दाराशी गर्दी व्हायची, गर्दीत बहुतेक खोटे निघायचे, आणि दार बंद व्हायचं.

जून २००५ मध्ये गूगलने साइटमॅप आणला. ही पुन्हा अ‍ॅलीवेबचीच कल्पना, फक्त आता यादी माणसाने नाही तर साइटच्याच सॉफ्टवेअरने लिहायची. नोव्हेंबर २००६ मध्ये याहू आणि मायक्रोसॉफ्ट त्यात सामील झाले आणि एकच पद्धत सगळ्यांनी मानली. अशी एकी या धंद्यात क्वचितच दिसते. २००७ पासून साइटमॅपचा पत्ता रोबॉट्स फाइलमध्ये एका ओळीत लिहून ठेवला की पुरू लागलं. एका फाइलमध्ये जास्तीत जास्त ५०,००० पत्ते आणि ५० एमबी ही मर्यादा आजही आहे. प्रत्येक पत्त्यासोबत तीन गोष्टी लिहिता येतात: पान शेवटचं कधी बदललं, किती वेळाने बदलतं आणि साइटवर त्याचं महत्त्व किती. यातल्या शेवटच्या दोन गूगल पाहतच नाही. आपलं प्रत्येक पान अतिमहत्त्वाचं आहे आणि दर तासाला बदलतं, असं सांगणाऱ्यांची रांग लागल्यावर दुसरं काय होणार? पहिलीची, म्हणजे 'लास्टमॉड' या तारखेची कथा वेगळी आहे. तिच्याकडे पुढे येतो.

साइटमॅपच्या जोडीला 'पिंग' होतं. ठरलेल्या पत्त्यावर एक साधी विनंती पाठवली की गूगल आणि बिंगला कळायचं, या साइटमॅपमध्ये काही नवं आहे. ओळख द्यायची नाही, पासवर्ड नाही. वर्डप्रेसची कित्येक प्लगिनं लेख सेव्ह झाला रे झाला की पिंग करायची. बिंगने हे निनावी दार मे २०२२ मध्ये बंद केलं. गूगलने जून २०२३ मध्ये घोषणा केली आणि सहा महिन्यांत तेही बंद झालं. कारण तेच, अल्टाविस्टाचं: निनावी पिंगमधून येत होता तो बहुतांश स्पॅम होता. त्याआधी २०१८ मध्ये गूगलने कोणीही कुठलाही पत्ता टाकू शकेल अशी आपली सार्वजनिक चौकटही काढून टाकली होती. तरी आजही 'तुमची साइट ५०० सर्च इंजिनमध्ये सबमिट करून देऊ' असं पॅकेज विकणारे भेटतात. धरमपेठेतल्या दवाखान्याला किंवा सक्करदऱ्यातल्या शिकवणी वर्गाला ते घेताना एकच प्रश्न विचारता येईल: त्या पाचशेंपैकी दहा नावं सांगाल का?

आज नेमकं काय चालू आहे, तर चित्र दुभंगलेलं आहे.

एका बाजूला इंडेक्सनाऊ. मायक्रोसॉफ्ट बिंग आणि रशियाच्या यांडेक्सने ऑक्टोबर २०२१ मध्ये ही पद्धत सुरू केली. पुढे चेकियाचं सेझनाम आणि दक्षिण कोरियाचं नेव्हरही आलं. यात निनावीपणाचा प्रश्न साध्या युक्तीने सोडवला आहे. तुम्ही एक किल्ली तयार करता, म्हणजे आठ ते १२८ अक्षरांची एक ओळ, आणि ती एका छोट्या फाइलमध्ये आपल्याच साइटवर ठेवता. पत्ता कळवताना तीच किल्ली सोबत द्यायची. सर्च इंजिन साइटवर जाऊन फाइल पाहतं. जुळली तर कळवणारा साइटचाच माणूस आहे हे पटतं. एका विनंतीत १०,००० पत्ते देता येतात, आणि एका सर्च इंजिनला कळवलं की ते इतर सहभागींना पोचवतं. उत्तरादाखल २०० हा कोड आला तर पोचलं, २०२ म्हणजे पोचलं पण किल्लीची तपासणी बाकी, ४०३ म्हणजे किल्ली जुळत नाही, ४२९ म्हणजे जरा दमानं घ्या. हे आकडे पाहण्याची सवय लावून घेतली तर महिनोन् महिने बंद पडलेलं प्लगिन 'चालू' समजून बसण्याची वेळ येत नाही.

दुसऱ्या बाजूला गूगल, आणि भारतात बहुतेक सगळं शोधणं गूगलवरच होतं. इंडेक्सनाऊची चाचणी घेऊ, असं गूगलने २०२१ मध्येच म्हटलं. स्वीकारलेलं मात्र नाही. गूगलचा स्वतःचा इंडेक्सिंग एपीआय, म्हणजे प्रोग्रामला थेट विनंती पाठवता येईल असं दार, २०१८ पासून आहे, पण तो दोनच प्रकारच्या पानांसाठी: नोकरीच्या जाहिराती आणि थेट प्रक्षेपणाचे व्हिडिओ. दिवसाला २०० विनंत्या ही सुरुवातीची मर्यादा. तरी बाजारात अशी प्लगिनं आहेत जी बातमी, पाककृती, सोन्याचा भाव, काहीही या एपीआयमधून ढकलतात, आणि यूट्यूबवर तसं शिकवणारेही आहेत. कधीकधी बॉट येऊनही जातो, म्हणून लोकांना ते चालतंय असं वाटतं. या मार्गाने येणाऱ्या विनंत्यांची स्पॅमसाठी कडक तपासणी होते आणि गैरवापर केला तर परवानगी काढून घेतली जाऊ शकते, असं गूगलने लिहून ठेवलं आहे. माझ्या मते ज्याची रोजीरोटी साइटवर आहे त्याने या वाटेला जाऊ नये.

साइटमालकांसाठी गूगलने दिलेल्या सर्च कन्सोलमध्ये एकेक पत्ता टाकून 'इंडेक्स करा' अशी विनंती करता येते. ती हाताने करायची आणि तिलाही रोजची मर्यादा आहे. तीच विनंती पुन्हापुन्हा केल्याने काही लवकर होत नाही. २०२२ पासून पत्ता तपासण्याचा एपीआय मिळाला. त्यातून दिवसाला २,००० पानांची स्थिती आपोआप कळते, पण 'या' असं म्हणता येत नाही. म्हणजे सामान्य पानासाठी गूगलला आपोआप कळवण्याचा राजमार्ग एकच उरतो: साइटमॅप आणि त्यातली शेवटच्या बदलाची तारीख.

ही तारीख दिसायला क्षुल्लक आहे. पण गूगल ती तेव्हाच धरतं जेव्हा ती सातत्याने खरी निघते. बॉट येतो, पान वाचतो, आधीच्या प्रतीशी ताडून पाहतो. तारीख कालची आणि मजकूर सहा वर्षांपूर्वीचा, असं दोनचारदा झालं की त्या साइटच्या तारखा बघणं सोडून दिलं जातं. लांडगा आला रे आला! मग खरोखर संचारबंदी उठलेल्या दिवशी तुम्ही दिलेल्या तारखेलाही कोणी विचारत नाही.

खोटं बोलायचा हेतू नसतानाही तारीख खोटी ठरते, आणि त्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे साइटमॅप ज्या क्षणी तयार झाला तीच वेळ सगळ्या पत्त्यांपुढे चिकटवणं. रात्री दोनला क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप होणारं काम) चालतो, वीस हजार पानं 'आज बदलली' होतात. दुसरी वाट म्हणजे तळपट्टी. फोन नंबर बदलला, साच्यात एक ओळ घातली, आणि सॉफ्टवेअरने प्रत्येक पान नवं ठरवलं. गूगलच्या लेखी हा बदल मोजायचाच नसतो. मुख्य मजकूर, त्यातले दुवे, पानाची संरचित माहिती यांत काही झालं तरच तारीख हलवावी. तिसरी वाट घड्याळाची. साइट परदेशातल्या सर्व्हरवर, संपादक नागपुरात, आणि लिहिणाऱ्याने भारतीय वेळ घेऊन तिच्यापुढे जागतिक वेळेची खूण लावली. आता ते पान साडेपाच तास भविष्यात बदललेलं आहे. सकाळी दहाला लिहिलेल्या बातमीवर दुपारी साडेतीनची वेळ! कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण साइटमॅप माणसं वाचत नाहीत.

वर्डप्रेसवर चालणाऱ्यांसाठी एक तपशील. ऑगस्ट २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून वर्डप्रेस स्वतःच साइटमॅप बनवतं, पण त्यात बदलाची तारीख नव्हती. ती आली एप्रिल २०२४ च्या ६.५ मध्ये. तोवर वेगळं प्लगिन नसेल तर त्या साइटचा साइटमॅप म्हणजे निव्वळ पत्त्यांची यादी होती. आणि सेटिंगमध्ये 'सर्च इंजिनांना परावृत्त करा' या चौकटीवर साइट बांधताना केलेली टिचकी तशीच राहिली असेल तर वर्डप्रेस साइटमॅप दाखवतच नाही. एवढं काम करून ठेवलं आणि दारावर 'आत येऊ नये' ही पाटी विसरली, असे नमुने वेब बनवणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असतात.

बातम्यांच्या साइटचं जग आणखी निराळं. नागपूर हे वृत्तपत्रांचं गाव आहे: 'हितवाद' १९११ पासूनचा, 'तरुण भारत' चाळीसच्या दशकातला, 'लोकमत'ची नागपूर आवृत्ती १९७१ ची. मोठ्या वृत्तसमूहांकडे स्वतंत्र तांत्रिक विभाग असतो आणि गूगलचा बॉट त्यांच्याकडे मुक्कामालाच असतो, त्यांना कळवण्याची फारशी चिंता नाही. खरी अडचण दोनचार माणसांनी चालवलेल्या शहरी, तालुका पातळीवरच्या साइटची. बातम्यांचा वेगळा साइटमॅप त्यांनाही ठेवता येतो. त्यात फक्त गेल्या दोन दिवसांतल्या बातम्या आणि जास्तीत जास्त एक हजार पत्ते. त्यांना अडवतं ते भलतंच काहीतरी.

मराठी मथळ्याचं उदाहरण घ्या. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला, मात्रा आणि अनुस्वारही धरून, तीन बाइट लागतात. वेबच्या पत्त्यात हा प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं अशा तीन जागा खातो. म्हणजे एका 'न'ला नऊ जागा, आणि 'नागपूर' या सहा चिन्हांच्या शब्दाला चोपन्न. वर्डप्रेस मथळ्यावरून पत्ता बनवतं आणि त्याला २०० जागांची मर्यादा आहे. आता मथळा समजा 'गोरेवाडा तलावातून पाणीपुरवठा बंद राहणार नाही' असा आहे. पहिल्या दोन शब्दांत सोळा चिन्हं, म्हणजे १४४ जागा. दोन आडव्या रेघा धरून १४६. उरल्या चोपन्न, त्यात सहाच चिन्हं मावतात. पत्ता तयार होतो तो 'गोरेवाडा-तलावातून-पाणीपु'. 'नाही' तर गेलंच, पाण्याचाही पुरवठा तुटला. दुसऱ्या दिवशी पाणीपुरवठा खरंच बंद राहणार असेल तर त्या बातमीचाही पत्ता जवळजवळ हाच होतो, शेवटी दोनचा आकडा चिकटतो. शिवाय वर्डप्रेस ही टक्क्याच्या चिन्हापुढची सांकेतिक अक्षरं लहान लिपीत साठवतं, इतर साधनं बहुधा मोठ्या लिपीत देतात. सर्च इंजिन दोन्ही एकच मानतं, पण घरी लिहिलेली स्क्रिप्ट त्यांना दोन वेगळे पत्ते समजते आणि एकच पान दोनदा कळवते. उपाय साधा आहे: पत्ता हाताने, छोटा लिहावा. मराठी पत्त्याचा अभिमान असेल तर तीन छोटे शब्द पुरतात.

वेळेच्या बाबतीतही वर्डप्रेसचं एक वैशिष्ट्य आहे. त्याचा अंतर्गत क्रॉन घड्याळावर चालत नाही. साइटवर कोणी आलं की तो जागा होतो. पहाटे चारला प्रसिद्ध व्हायची बातमी, पण साडेपाचपर्यंत कोणी फिरकलंच नाही, तर ती तशीच पडून राहते. ती प्रसिद्धच झाली नाही तर कळवणार काय? सर्व्हरचा खरा क्रॉन दर पाच मिनिटांनी लावणं हे या दुखण्यावरचं जुनं औषध, आणि स्वस्त होस्टिंगवरही ते मिळतं.

पुन्हा संचारबंदीच्या पानाकडे. अशा प्रसंगी दर घोषणेला नवी बातमी टाकावी की एकच पान बदलत न्यावं? संपादकीय खात्यात नव्या बातमीकडे ओढा असतो, कारण नवी बातमी आकड्यांत दिसते. मला दुसरा मार्ग बरा वाटतो. 'सध्या कोणत्या ठाण्यांच्या हद्दीत' हे सांगणारं एकच कायमचं पान, वर ठळक अक्षरांत दिनांक आणि वेळ, आणि प्रत्येक नवी बातमी त्या पानाकडे बोट दाखवणारी. बॉटला एकाच पत्त्यावर पुन्हापुन्हा खरा बदल सापडला की तो तिथे वारंवार येऊ लागतो. वाचकालाही शिळं पान मिळण्याची शक्यता कमी. 'आज' आणि 'उद्या' हे दोन शब्द मथळ्यात असतील तर हे आणखीच खरं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अवघ्या चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं आणि शाळांना सुट्टी जाहीर झाली. 'आज शाळांना सुट्टी' हा मथळा त्या शनिवारी उपयोगाचा होता. पुढच्या पावसाळ्यात तो वर आला तर मुलं दप्तर फेकतील एवढंच.

सरकारी साइटकडे वळलं की प्रश्नाची जातच बदलते. महाराष्ट्र शासनाचा प्रत्येक शासन निर्णय शेवटी एक संकेतांक छापतो, अठरा आकडी. त्यातले पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. साइटमॅपमध्ये जी तारीख खरी लिहावी म्हणून जग धडपडतं, ती आपल्याकडे कागदावर छापून येते! पण निर्णयांच्या यादीपर्यंत पोचायला विभाग निवडा, दिनांक निवडा, शोधा असा फॉर्म भरावा लागतो. माणूस भरतो. बॉट असे फॉर्म भरत बसत नाही; त्याला सरळ दुवा हवा असतो. संकेतांकावरून रोजचा साइटमॅप बनवणं हे शिकाऊ प्रोग्रॅमरचं दुपारभराचं काम आहे, आणि त्याने हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत विधानभवनाभोवती निर्णयाची प्रत शोधत फिरणाऱ्या किती तरी लोकांची पायपीट वाचेल.

पीडीएफचं दुखणं याहून मोठं. शिक्षणसंस्था आणि कार्यालयं 'सुधारित वेळापत्रक' जुन्याच नावाच्या फाइलवर चढवतात. पत्ता तोच, आतला मजकूर नवा, कळवायला साइटमॅपमध्ये नोंदच नाही. किंवा उलट: फाइल नव्या नावाने, जुनीही तिथेच, आणि शोधणाऱ्याला परीक्षेच्या दोन तारखा. त्यातही फाइल स्कॅन केलेली असेल तर आतलं मराठी वाचलं जाईल याची खात्री नाही. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर त्याहून वाईट. युनिकोड रुळण्याआधी मराठी वृत्तपत्रांच्या साइटही अशाच फॉन्टवर चालायच्या. पडद्यावर शुद्ध मराठी दिसायचं आणि बॉटच्या हाती रोमन अक्षरांचा काला पडायचा. त्या काळात कोणी कितीही उत्साहाने पत्ते सबमिट केले असते तरी 'नागपूर' शोधणाऱ्याला ती पानं मिळणार नव्हती. काही सरकारी कार्यालयांच्या जुन्या पीडीएफ आजही त्याच अवस्थेत आहेत.

आणखी एक अडथळा, जो कार्यालयातल्या माणसाला कधीच दिसत नाही. सुरक्षेसाठी काही सरकारी सर्व्हर परदेशी आयपी पत्ते रोखतात. गूगलचा बॉट मुख्यतः अमेरिकेतल्या पत्त्यांवरून येतो. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या कार्यालयात बसून साइट झकास उघडते, बॉटला मात्र दार बंद. तिथे साइटमॅप, तारीख, इंडेक्सनाऊ सगळं फोल.

ताज्या माहितीची खरी किंमत शेतीच्या पानांवर कळते. नागपुरात १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. कापसाच्या हंगामात तिचे साप्ताहिक सल्ले निघतात. गुलाबी बोंडअळीवरचा गेल्या वर्षीचा सल्ला यंदा वर आला, तर त्यातली फवारणी यंदाच्या पिकाच्या अवस्थेला लागू पडेलच असं नाही. कळमना बाजारातल्या संत्र्याचा भाव रोज बदलतो, अंबिया बहाराचा माल संपून मृग बहाराचा आला की सगळं गणितच नवं होतं. भावाच्या पानाने रोज 'बदललो' म्हणणं न्याय्य आहे. रोपवाटिकेच्या 'आमच्याविषयी' या पानाने तसं म्हणणं नाही. पण एकाच साइटवर दोन्ही पानं असतात आणि प्लगिन दोघांनाही एकाच मापाने मोजतं.

म्हणून जोडणी कशी असावी, तर 'दर तासाला सगळं कळवा' अशी नसावी. संपादकाने सेव्ह केलं, त्या क्षणी मुख्य मजकुराचा ठसा काढायचा, म्हणजे त्या मजकुरावरून एक छोटा आकडा बनवायचा, आणि आधीच्या ठशाशी ताडायचा. सगळ्या पानाचा ठसा काढून चालत नाही. 'हेही वाचा'ची चौकट, जाहिराती, सोन्याचा भाव यांमुळे तो दर वेळी वेगळाच येतो. ठसा बदलला असेल तरच तारीख हलवायची आणि पत्ता रांगेत टाकायचा. रांग दोन-तीन मिनिटांनी एकदा रिकामी करायची, कारण बातमी सेव्ह केल्यावर पहिल्या मिनिटात तीन शुद्धलेखनाच्या चुका सापडतातच आणि संपादक ती चारदा सेव्ह करतो. एकच पत्ता रांगेत एकदाच. मग इंडेक्सनाऊला विनंती, आणि साइटमॅपच्या त्या एका नोंदीत नवी वेळ, पुढे अधिक साडेपाच तासांची खूण लावून. गूगलसाठी वेगळं काही करावं लागत नाही.

त्यानंतर सर्व्हरचा लॉग उघडून बघायचा, हे काम सहसा कोणी करत नाही. बॉट कधी आला, कुठलं पान मागितलं, काय उत्तर मिळालं, हे एकेका ओळीत तिथे लिहिलेलं असतं. न बदललेल्या पानावर बॉटने 'अमुक वेळेनंतर बदललं का' असं विचारलं आणि सर्व्हरने ३०४ दिला, तर बॉट मजकूर न उचलता पुढे जातो. त्याचाही वेळ वाचतो, आपलंही बँडविड्थचं बिल. जिथे तिथे २०० दिसत असेल तर सर्व्हर दर वेळी अख्खं पान देतोय. काही हजार पानांच्या साइटला बॉटच्या वेळेची चिंता करायचं कारण नाही, हे गूगलच सांगतं. दहा लाखांहून जास्त पानं असतील, किंवा दहा हजारांहून जास्त पानं रोज बदलत असतील, त्यांनी ती करावी. विदर्भात अशा साइट बोटांवर मोजण्याइतक्याच असतील.

पान काढून टाकलं तर काय, हा भाग सगळ्यांत दुर्लक्षित. साइटमॅपमधून पत्ता वगळला म्हणजे पान गेलं, असं सर्च इंजिन समजत नाही. सर्व्हरने ४०४ किंवा ४१० द्यायला हवा आणि बॉटने येऊन तो पाहायला हवा. इंडेक्सनाऊत काढलेलं पानही कळवता येतं, आणि मुदत संपलेल्या नोकरीच्या जाहिरातीसाठी गूगलच्या एपीआयमध्ये खास सोय आहे. सर्च कन्सोलमधून पान लपवता येतं, पण ते सुमारे सहा महिन्यांपुरतं. चुकीच्या माणसाचं नाव छापलं गेलं आणि बातमी मागे घेतली, अशा वेळी ४१० देणं, इंडेक्सनाऊला कळवणं आणि सर्च कन्सोलमधून लपवणं ही तिन्ही कामं एकाच दिवशी व्हावी लागतात, आणि बहुतेक साइटच्या जोडणीत ती बसवलेलीच नसतात.

आता उत्तरं देणारी एआय साधनं आली आहेत. त्यांतली काही इतर सर्च इंजिनांच्या इंडेक्सवर विसंबतात. चॅटजीपीटीच्या शोधामागे बिंगचाही हात आहे. त्यामुळे 'भारतात बिंग कोण वापरतं' म्हणून इंडेक्सनाऊ बाजूला टाकण्याचं कारण आता पूर्वीइतकं पक्कं राहिलेलं नाही. या साधनांचे स्वतःचे बॉटही फिरतात. त्यांनी लास्टमॉडकडे किती पाहायचं, ३०४ ला किती मान द्यायचा, याचा २००६ च्या साइटमॅपसारखा कुठलाही सामाईक करार अजून झालेला नाही.